शांत गाडीचा निर्वाळा

आमच्या घरात एक गोष्ट वर्षभर चुकीची सांगितली गेली. लग्नाकार्यात पंगत उठली, सुपारी फुटली की कोणीतरी ती काढतं. पुतण्याने मोठी गाडी घेतली, सुनेला तिच्यात नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, तिला कानाच्या डॉक्टरांकडे न्यावं लागलं, आणि शेवटी नानांनी नुसता हात लावून गाडीतला खरा दोष पकडला. नाना म्हणजे मी. हे ऐकताना मी मान खाली घालत असे, आणि लोकांना तो विनय वाटत असे. खरं काय घडलं ते मी आता लिहून ठेवतो आहे.

नशिराबादच्या अलीकडे हायवेला माझं गॅरेज होतं. चाळीस वर्षं चालवलं. गॅरेज बंद केलं तरी लोक मला जुनी गाडी पाहायला नेतच राहिले. आमच्याकडे गाडी घ्यायची तर एक जाणता माणूस सोबत लागतो. तो बरी म्हणाला की बोलणी पुढे सरकतात. मी बॉनेट उघडायचो, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचो आणि मूठ कानाशी धरायचो. सगळे गप्प उभे राहायचे. ती शांतता मला आवडायची हे कबूल करतो.

पण कान जाऊ लागला होता. दोन्ही. जाड आवाज यायचे, बारीक आवाज गेले होते. बायको गेल्यापासून जळगावात पिंप्राळ्याच्या घरात मी एकटाच, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. कुकरची शिट्टी ऐकू येईना म्हणून मी त्याच्यासमोर उभा राहून वाफ मोजू लागलो. कोणाला सांगितलं नाही. ज्याची सगळी ओळख कानावर, त्याने ते कसं सांगायचं?

दीड-दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आधी पुतण्याचा फोन आला. तो माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, रावेरकडे केळी करतो, आता माल परदेशी पाठवतो. धुळ्यात एका व्यापाऱ्याकडे परदेशी बनावटीची मधल्या आकाराची आलिशान गाडी होती, तीन वर्षं वापरलेली. "नाना, तुम्ही पाह्यल्याशिवाय मी हात लावणार नाही," तो म्हणाला. त्याची बायको, म्हणजे आमची सून, सोबत होती, कारण तिचं माहेर तिकडेच, नरडाण्याजवळ.

धुळ्याचा व्यापारी पान चघळत पुढे आला. "गाडी एकदम कडक शे नाना. बठ्ठी कंपनीनी सर्व्हिस शे. तुम्हले जशी देखनी शे तशी देखा."

सगळी सर्व्हिस कंपनीतच झाली होती म्हणे; तरी मी माझ्या पद्धतीने पाहिली. इंजिन खरंच चांगलं होतं. तेल स्वच्छ, खालून कुठे गळती नाही, रंग एकसारखा. मग आम्ही आग्रा रोडने नरडाण्याच्या दिशेला निघालो. पुतण्या चालवत होता, मी त्याच्या शेजारी, सून मागे डाव्या बाजूला.

गाडीचा जोर पाहण्यासारखा होता. सोनगीरच्या आधी पुढे कंटेनर होता. पुतण्याने पाय जरासा टेकवला आणि कंटेनर मागे पडलासुद्धा. गिअर कधी बदलला ते हाताला जाणवलं नाही. गतिरोधकावरून ती गादीवरून गेल्यासारखी गेली. मागची बैठक प्रशस्त. फक्त गाडी बुटकी, त्यामुळे गुडघेदुखीच्या माणसाला तिच्यात बसताना खाली पडल्यासारखं वाटणार. वहिनींचं, म्हणजे पुतण्याच्या आईचं, कठीण आहे असं मी बोललो, आणि केळीच्या बागेतल्या रस्त्यावर पोट घासेल हेही सांगितलं. मधे भलामोठा पडदा. गाडी मागे घेताना चारही बाजूंचं चित्र दाखवणारा, जणू कोणी वरून पाहतंय. रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओलांडला तर स्टिअरिंग आपोआप थरथरायचं. आमच्या रस्त्यांवर पट्टेच अर्धे पुसलेले, त्यामुळे ते कधीही थरथरत होतं आणि पुतण्या हसत होता.

"नाना, बेल्ट लावा ना," तो मधेच म्हणाला. "घंटी केव्हाची वाजून राह्यली."

मला काहीच वाजताना ऐकू येत नव्हतं. "लावतोच आहे," मी म्हणालो, आणि बेल्ट लावला.

काचा दुहेरी होत्या. बाहेरच्या ट्रकांचा आवाज आत येत नव्हता. मी खुशीत म्हणालो, "इतकी शांत गाडी मी आयुष्यात पाहिली नाही."

मागून सून काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. पुतण्याने आरशात पाहिलं. "काय म्हणते?"

ती जरा मोठ्याने बोलली. "मागून बारीक आवाज येतोय. रडल्यासारखा. वेग वाढला की वाढतो, आणि गाडी डावीकडे वळली की थांबतो."

हे वाक्य मी स्पष्ट ऐकलं. गॅरेजमध्ये कोणी असं सांगितलं असतं तर मी गाडी न पाहताच म्हणालो असतो, मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकावर जातो, डावं हलकं होतं आणि खराब बेअरिंग गप्प बसतं. तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिने फक्त ऐकलं होतं, आणि जे ऐकलं ते नेमकं सांगितलं होतं.

पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. "नाना?"

मी कान टवकारल्यासारखं केलं. मला फक्त घुमणारी हवा ऐकू येत होती. 'मला ऐकू येत नाही, पण ती म्हणते ते खरं असेल, चाक उचलून पाहू' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "टायरचा आहे. रस्ता खडबडीत आहे. गाडी बरी आहे."

"झालं," पुतण्या म्हणाला. "नाना बरी म्हणाले."

गाडी त्याच आठवड्यात रावेरकडे गेली.

त्यानंतरचे चार महिने मी नीट झोपलो नाही. असं बेअरिंग वर्षभर रडत चालतं, नाहीतर एखाद्या दिवशी भर वेगात चाक जाम करतं. पुतण्या त्या गाडीने नाशिकला जायचा, सुरतेला जायचा. मी रोज फोन करू लागलो. "पोचलास का? गाडी कशी चालते?" वहिनी लोकांना सांगत, नानांचा आता जीव फार लागलाय पोरांत. फोन उचलायला उशीर झाला की मी पिंप्राळ्याच्या गल्लीत येरझारा घालायचो. एकदा तर रिक्षावाला थांबून म्हणाला, "आबा, कुठे जायचं?" मला कुठेच जायचं नव्हतं.

तिकडे सून आवाजाचं बोलतच होती. वहिनी फोनवर सांगत: "नानांना ऐकू आलं नाही, पोराला येत नाही, हिलेच काहून येते?" पुतण्या चालवताना गाणी मोठ्याने लावायचा, त्याला काय ऐकू येणार! तो तिला चिडवायचा. "आज काय म्हणतेय तुझी गाडी? माहेरी जायचं म्हणतेय का?" मग तिने गाडीत बसायचंच सोडलं. माहेरी जायला ती एसटीने निघाली तेव्हा घरात मोठं भांडण झालं. सून मोठ्या गाडीत बसत नाही, लोक काय म्हणतील?

वहिनींनी ठरवलं की तिच्या कानात दोष आहे. जळगावला दाखवायला आणलं आणि माझ्याच घरी उतरले. मीही सोबत गेलो. कानाच्या डॉक्टरांकडे बाकावर मी तिच्या शेजारी बसलो होतो. ती काहीतरी हळू बोलली. मला एक अक्षर कळलं नाही. मी मान डोलावली. तिने माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं, मग समोर पाहत बसली. ती काय म्हणाली होती, हे मी तिला नंतरही विचारलं नाही.

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "कान उत्तम आहेत. इतके चांगले कान मला रोज पाहायला मिळत नाहीत."

मला वाटलं, आता तरी सुटली. पण रिक्षात वहिनी म्हणाल्या, "कान चांगले, म्हणजे डोक्यातच काही असंन. आता डोक्याच्या डॉक्टरले दाखवा लागंन." कोणी हसलं नाही. सून बाहेर बघत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मागोमाग मी बसने रावेरकडे गेलो. गाडी पाहायची आहे एवढंच बोललो. जॅक लावून मागचं डावं चाक उचललं. एका हाताने चाक फिरवलं, दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला. बोटांना बारीक खरखर लागली, रवाळ, जशी जात्यात वाळू पडावी. चाक धरून हलवलं तर खेळत होतं.

"बेअरिंग गेलंय," मी म्हणालो.

पुतण्याचं तोंड उतरलं. मग तो म्हणाला, "आता आता गेलं असंन, नाही का नाना? घेतली तेव्हा तर तुम्ही पाह्यली होती."

त्याने मला वाट करून दिली. मी ती धरली. "हो," मी म्हणालो, "आता आता गेलं असेल."

सून ओसरीवर उभी होती. तिने हे ऐकलं. मोठ्या लबाड्या मी गॅरेजमध्येही केल्या असतील, पण हे 'हो' मी आयुष्यातलं सगळ्यात वाईट मानतो. पहिल्या वेळी मी भ्यालो होतो. दुसऱ्या वेळी तिचा काय छळ चाललाय हे मला ठाऊक होतं, तरी म्हणालो.

बेअरिंग बदललं. आवाज गेला. घरात ठरलं की सुनेला आधी झाले ते भास, आणि बेअरिंग नंतर गेलं. नानांचा हात लागला म्हणून सगळे वाचले. पुढचं वर्षभर हीच गोष्ट फिरली. तिच्या माहेरीसुद्धा पोचली. घरात ती काहीही म्हणाली, गॅस सुटल्याचा वास येतोय, पंपाची मोटर तापलीय, तरी लोक एकमेकांकडे बघून हसू लागले. मोटर एकदा खरोखरच जळाली. तेव्हाही कोणाला काही वाटलं नाही.

मोटरचं ते ऐकल्यावर मी कान तपासून घेतले. त्याच डॉक्टरांकडे. त्यांनी एका कागदावर दोन रेघा काढून दिल्या, दोन्ही उजवीकडे जाता जाता खाली कोसळलेल्या. "बारीक आवाज किती वर्षं येत नाहीत?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "सहा-सात." हे आकडे पहिल्यांदाच तोंडातून बाहेर पडले.

कागद घेऊन रावेरकडे गेलो. जेवणं झाल्यावर वहिनी, पुतण्या आणि सून यांच्यासमोर मी सगळं सांगितलं. मला ऐकू येत नव्हतं. ती पहिल्या दिवशी बोलली तेच खरं होतं. बेअरिंग तेव्हाच गेलेलं होतं आणि मला ते कळलं होतं.

वहिनी हसल्या. "नाना, तुमचा स्वभावच तसा. पोरीचं मन राखाले स्वतःवर घेता." पुतण्याही म्हणाला, "राहू द्या नाना, झालं गेलं." मी खोटं बोललो तेव्हा सगळ्यांनी मान्य केलं होतं. आता खरं बोलतोय तर कोणी ऐकायला तयार नव्हतं.

तेव्हा सून म्हणाली, "मन राखायला नाही. गाडी पाहायला गेलो तेव्हा बेल्टची घंटी वाजत होती, ती नानांना ऐकू येत नव्हती. मी तेव्हाच ओळखलं होतं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पण तुम्ही स्वतःच सांगाल असं वाटलं होतं. वाट पाहिली मी."

मी कागद पुतण्यापुढे सरकवला. त्याने रेघा पाहिल्या, खाली डॉक्टरांनी लिहिलेलं वाचलं, पुन्हा रेघा पाहिल्या. बराच वेळ वाचत राहिला. वहिनींनी विचारलं, "काय लिह्यलं?" त्याने कागदाची घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आई, यापुढे हिच्या डोक्याचं काढायचं नाही."

"मी काय वाईट बोलली का?" वहिनी म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या. त्यांची खात्री अजून पटलेली नाही. शेजारणीला त्या आजही सांगतात की नाना फार मोठ्या मनाचे. म्हणूनच हे कागदावर आणलं. याची एक प्रत सुनेच्या वडिलांना नरडाण्याला नेऊन देणार आहे. त्यांच्यापुढे बसून हे पुन्हा सांगावं लागेल, आणि त्याची धास्ती मला आत्ताच वाटते आहे.

त्या दिवशी वहिनी आत गेल्यावर पुतण्या बायकोला म्हणाला, "आता काही वाजते का गाडीत?"

तो थट्टा करतोय का हे तिने आधी त्याच्या तोंडाकडे पाहून तपासलं. मग म्हणाली, "उजव्या दारात काहीतरी सैल आहे. खड्ड्यात गेली की टिकटिकतं."

"दाखव," तो म्हणाला, आणि चावी घेऊन उठला. ती त्याच्या मागे गेली. पुढे बसली, मागे नाही. गाडी अंगणातून बाहेर पडून केळीच्या रस्त्याला लागली. मी ओसरीवरच बसून राहिलो. मला कोणी चला म्हटलं नव्हतं.