सत्कारातला टॉवेलवाला

लक्ष दुसरीकडे असल्यामुळे समोरची गोष्ट न दिसणे याला मानसशास्त्राच्या पुस्तकात 'अनवधानजन्य अंधत्व' म्हणतात. हा शब्द उच्चारून होईपर्यंत समोरून उंट निघून जाईल. सोलापुरातल्या एका कॉलेजात मी तो वर्षानुवर्षे शिकवत आले आणि मुले परीक्षेत त्याची व्याख्या बिनचूक लिहीत आली. प्रयोग करून बघू, असे मात्र कुणी म्हणाले नव्हते. ते म्हणाली एम. ए.च्या शेवटच्या वर्षाची मोहोळची एक मुलगी, आपल्या प्रबंधासाठी.

प्रयोग ऑनलाइन करायचा ठरला, कारण आमच्याकडे प्रयोगशाळेची फक्त पाटी आहे. आत मोडकी बाके ठेवतात. लोकांना लिंक पाठवायची, छोटा व्हिडिओ दाखवायचा, त्यात काहीतरी मोजायला सांगायचे आणि ते मोजण्यात गुंतले की मधूनच एक भलतीच गोष्ट जाऊ द्यायची. शेवटी विचारायचे, आणखी काही दिसले का?

"मोजायला काय द्यायचं?" मी विचारले.

"सत्काराचे हार. मॅडम, आपल्याकडं माणूस दुसरं काय एवढं मन लावून बघतो ओ?"

कल्पना उत्तम होती. आमच्याकडे घातलेला हार पाहुणा लगेच काढतो, कुणीतरी तो मागच्या बाजूने पुन्हा तबकात ठेवतो आणि तोच हार ताजा चेहरा करून परत येतो. मोजणाऱ्याची परीक्षाच.

सत्कारमूर्ती म्हणून विभागप्रमुखांना विचारले. सत्कार कशासाठी, हे त्यांनी विचारले नाही. केव्हा, एवढेच विचारले.

"सर, मधून एक माणूस जाईल," मुलीने सांगितले.

"जाऊ दे की."

तो माणूस म्हणजे मुलीचा मामा. बनियन, कमरेला टॉवेल, हातात बादली, तोंडात ब्रश, अशा थाटात त्याने व्यासपीठ ओलांडायचे होते. त्याने एकच शंका काढली, "पेस्ट लावून का नुसताच?"

चित्रीकरण झकास झाले. हारासाठी मान झुकवलेल्या सरांच्या मागून मामा दात घासत शांतपणे निघून गेला. सरांनी न मागता आभाराचे भाषण केले, ते आम्ही कापले.

उत्तरे आली आणि मुलीचा चेहरा उतरला. जवळजवळ सगळ्यांना टॉवेलवाला दिसला होता. वर हारही बरोबर मोजले होते. सोलापूरकर हे अत्यंत सावध लोक आहेत असा निष्कर्ष निघत होता, आणि आमच्या रस्त्यांवरून एकदाही दुचाकी चालवलेल्या माणसाला तो पटणारा नव्हता.

"कुटंतरी चुकलंय, मॅडम. पण काय, ते कळंना."

प्रबंध द्यायची मुदत संपत आली होती. मुदतवाढीच्या अर्जावर विभागप्रमुखांची सही लागते. ती नाही मिळाली तर तिचे वर्ष जाणार होते, आणि घरून आणखी एक वर्ष मिळणार नव्हते. आम्ही अर्ज तयार केला, तेवढ्यात सर स्वतःच आत आले. लालबुंद.

"माझ्या मागून एक माणूस दात घासत जातो!"

"सर, माणूस जाईल असं सांगितलं होतं," मी म्हणाले.

"माणूस म्हणालात. दात घासत म्हणाला नाहीत! मी एकट्यानं व्हिडिओ बघितला तेव्हा त्यात हार होते आणि मी होतो. काल घरी लावला, तर सगळे लोळून हसले. तो माणूस काढा, मगच सही."

मी माफीचे वाक्य जुळवत होते. मुलगी मात्र सरांकडे वेगळ्याच नजरेने बघत होती.

"सर, घरी किती जण बघत होता?"

"सगळेच. हार मी मोजत होतो, आमची ही शाल कुठली ते बघत होती, नातवाचं कशातच लक्ष नव्हतं. त्यालाच तो दिसला पहिल्यांदा."

"आणि उत्तरं कुणी भरली?"

"सूनबाईनं. सगळे सांगतील तसं ती दाबत होती."

मुलीने माझ्याकडे पाहिले. पुस्तकातला माणूस पडद्यासमोर एकटा बसतो. आमच्या जुळे सोलापूर भागातला माणूस फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून घरादाराला हाक मारतो. आम्ही लोकांना वय, शिक्षण, चष्म्याचा नंबर, सगळे विचारले होते. शेजारी कोण बसले आहे, हे विचारायचे राहिले होते.

"आता निम्म्यांना एकट्यानं बघायला सांगायचं, निम्म्यांना घरच्यांबरोबर," ती घाईघाईने म्हणाली. "पण सर, मामाला काढलं तर प्रयोगच ऱ्हात नाही. नुसता तुमचा सत्कार ऱ्हातो."

सही गेली, असे मी मनात म्हटले. सर खुर्चीत बसले. बराच वेळ त्यांनी अर्ज उलटसुलट केला.

"नुसते सत्कार खूप आहेत माझ्याकडं," ते म्हणाले. "अल्बम आहेत, सीड्या आहेत. घरात कुणी बघत नाही. काल आमची ही म्हणाली, पुन्हा लाव." त्यांनी खिशातून पेन काढले आणि सही केली. इतकी लांबलचक, की ती शिक्क्याच्या जागेतही शिरली.

मुलीने अर्ज जवळजवळ हिसकावूनच घेतला. "सर, आता तेवढी लिंक कुणाला पाठवू नका. आधी सांगितलं की संपलं."

"सूनबाईनं पाठवली की सगळ्या ग्रुपवर. खाली लिहिलंय, टॉवेलवाल्याकडे बघा."

मुलगी मटकन बाकावर बसली. म्हणजे व्हिडिओ कामातून गेला होता.

"त्यात काय रडायचं?" सर कॉलर नीट करत म्हणाले. "नवा काढू. मी रिकामाच आहे. फक्त या वेळी शाल जरा बरी आणा."