आन्याचा गुडघा आन् गावाचं तोंड

डॉक्टरनं एमआरआयची फिल्म उजेडावर धरली आणि मला सांगितलं, "बाबा, सूनबाईंचं एसीएल पूर्ण तुटलंय. ऑपरेशन करू, चालतील. पण आइस हॉकी आता विसरायला सांगा."

गुडघा तिचा आणि सांगणं मला. मी म्हटलं, "तिले सांगा जी. तिले मराठी समजते."

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारी दोरी. ती तुटली की माणूस सरळ चालतो, पण वळला की गुडघा दगा देतो. कोणाच्या घरी असं झालं तर कामी पडावं म्हणून हे लिहून राहिलो. मी चौथीपर्यंतच शिकलो. चुकलं असेल तिथं वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावं, मी पुन्हा लिहिणार नाही.

आन्या माझी सून, जर्मनीची. मुलगा तिकडे नोकरीला गेला आणि तिथंच लग्न केलं. आमची बोली ती त्याच्याकडूनच शिकली. ती डोंगराकडच्या गावातली. थंडीत तिथलं तळं गोठते. त्यावर ती पात्याचे बूट घालून लहानपणापासून खेळली. पोरींचा संघ नव्हता, म्हणून पोरांत खेळली. पुढे देशाच्या संघात गेली. बचावाला उभी राहायची, म्हणजे समोरून जो धावत येईल त्याला अंगानं अडवायचं. पण या खेळावर तिथंही बायांचं पोट भरत नाही. दिवसा ऑफिस, संध्याकाळी सराव. तिशी ओलांडली होती, तरी येत्या थंडीतही देशाकडून खेळायचंच, असं तिनं धरलं होतं.

रोवणीच्या दिवसांत दोघं आमच्या गावी आली, साकोलीजवळ. धानाचे परे, म्हणजे रोपं, लावायला ती बायांसोबत बांदीत, पाणी साचवलेल्या शेतात, उतरली. पाय चिखलात रुतलेला, आणि मागून कोणी हाक मारली म्हणून ती वळली. अंग वळलं, पाय वळला नाही. कट आवाज झाला तो मला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ऐकू आला. बर्फावर पाय कोणी धरून ठेवत नाही. माझ्या चिखलानं धरला.

नागपूरला ऑपरेशन झालं. मांडीच्या मागची दोरी काढून गुडघ्यात बसवली. त्याला ग्राफ्ट म्हणतात, म्हणजे आपलं कलम. लांबच्या विमानात पायात रक्ताची गाठ होऊ शकते, म्हणून डॉक्टरनं तिला काही दिवस इथंच थांबवलं. मुलाची सुटी संपली, तो गेला. माझी बायको वारली आहे. म्हणून माझी मोठी बहीण राहायला आली. तिला सारे बाई म्हणतात.

इथंच घोळ झाला. बाईनं जन्मभर बाळंतिणी सांभाळल्या. तिनं आन्याचीही बाळंतीण केली. डिंकाचे लाडू, कानाला फडकं, खाटेखाली पाय ठेवायचा नाही, आणि गुडघ्याखाली मऊ उशी. फिजिओथेरपी म्हणजे व्यायामानं पाय सुरू करणं. ती शिकवूनच घरी पाठवलं होतं. पण बाई म्हणे, "दुखते तं हलवता कायले?" आन्या पहिले भांडली. मग म्हाताऱ्या माणसाला किती बोलावं म्हणून लाडू खात पडून राहिली.

तपासणीला गेलो तर पाय सरळ होईना. डॉक्टर चिडले. "उशी कोणी ठेवली? तिनं गुडघा वाकलेलाच राहिला. एक्स्टेंशन, म्हणजे गुडघा पूर्ण सरळ होणं, तेच गेलं तर खेळ सोडा, सूनबाई जन्मभर लंगडतील." मग दाखवलं. टाच टॉवेलच्या गुंडाळीवर ठेवायची, गुडघा अधांतरी. घरच्या कोणीतरी एका हातानं टाच धरायची आणि दुसऱ्या हातानं गुडघा हळूहळू खाली दाबायचा. रोज, पुन्हा पुन्हा.

येताना गाडीत आन्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "बाबा, मले संघानं काढलं तं चालन. उशीनं काढलं तं नाई चालत."

बाईच्या हातात संधिवात. शेजारच्या बाया रोवणीला गेलेल्या. उरलो मी. आमच्याकडे सासरा सुनेच्या अंगाला हात लावत नाही. सून पाया पडते तेही दुरून. आणि इथं मला जमिनीवर बसून तिची टाच धरायची होती. आत बसलो असतो तर लोक दाराकडे पाहून काहीबाही बोलले असते. म्हणून मी ओसरीत, रस्त्याकडे तोंड करून बसलो.

बाई म्हणाली, "सासरा होऊन सुनेचे पाय धरतोस? गाव काय म्हणन?"

"गावाच्या गुडघ्यातली दोरी तुटली नाई, बाई. माझ्या बांदीत मोडला, माझ्या ओसरीत सरळ होईन."

एकजण जाता जाता थांबला. "काय जी, सुनेची सेवा चालू हाय?"

"हो. तुले येत असन तं ये, दुसरी टाच धर."

तो पुन्हा थांबला नाही. बाकीचे लांबून बोलले, त्यांना बोलू दिलं.

दुखायचं तिला फार. ओठ चावायची. मला दया आली की हात ढिला पडायचा, तर म्हणायची, "बाबा, जोर कायले चोरता?" बाईनं काही दिवस आमच्याकडे पाठ केली. मग आपणहून आकडे मोजायला बसली, आणि मोजायची तेही मुद्दाम हळू.

गुडघ्याची मागची बाजू एक दिवस गादीला टेकली. डॉक्टरनं दाबून पाहिलं. म्हणाले, "सरळ झाला. पण बराच काळ मैदान नाही, आणि संघाचं मी काही सांगू शकत नाही."

ती गेली. तिथं पुन्हा पहिल्यापासून सराव केला. देशाच्या संघानं त्या थंडीत तिला घेतलं नाही. पुढच्या थंडीत ती आपल्या शहराच्या क्लबकडून उतरली. तो सामना बाईनं आणि मी मोबाईलवर पाहिला. एका आडदांड पोरीनं तिला कडेच्या फळीवर आदळलं. आन्या पडली, तोच पाय खाली. बाईनं डोळे मिटले. मी नाही मिटले. ती उठली, आणि त्या पोरीच्या मागं धावली.

ज्यांच्या घरी असा गुडघा आहे त्यांनी उशी काढून टाकावी. टाच कोणी धरायची, हे गावाला विचारू नये. डॉक्टरचे उपकार मी मानतो, बाईचेही मानतो. खेळ विसरा म्हणाले, तेवढं मानत नाही.

सामना झाल्यावर मुलाचा फोन आला. आन्याचा क्लब हरला होता. तो म्हणाला, यंदाही देशाच्या संघात नाव नाही, आणि ही म्हणते पुढच्या वर्षी पुन्हा जाईन. "बाबा, आता वय झालं तिचं. तुमीच समजवा."

मी म्हटलं, दे तिच्याजवळ. तिनं फोन घेतला. अजून धापा टाकत होती.

"काय व बेटा," मी विचारलं, "पुढची मॅच कधी हाय?"