महादूच्या छातीतली टकटक

आधीच सांगून ठेवते, भुतंखेतं, करणी, अंगात येणं यातलं मला काहीही मान्य नाही. आमच्या गाडीला कुणी लिंबू-मिरची बांधली तर मी स्वतः तोडून टाकते. त्यामुळे हे वाचून कुणी मला देवाची कृपा शिकवायला येऊ नये... आणि 'भास झाला असेल' म्हणणाऱ्यांनी तर अजिबात येऊ नये.

मी दिघीच्या बाजूला अ‍ॅम्ब्युलन्सवर डॉक्टर आहे. गाडीचे पायलट, म्हणजे ड्रायव्हर, रफिकभाई. मध्यंतरी आमचं सीपीआरचं ट्रेनिंग झालं. जमिनीवर रबरी पुतळा ठेवायचा आणि त्याची छाती दाबायची. दाब पुरेसा खोल गेला की आतली स्प्रिंग 'टक्' वाजते, कमी पडला की गप्प. शिकवणाऱ्या मॅडमचा एकच धोशा होता — हात थांबवायचे नाहीत. चहाच्या सुट्टीतही आम्ही दोघं त्या पुतळ्याशी झटत होतो.

त्यानंतर एका दुपारी छातीत दुखणारा पेशंट घेऊन आम्ही आगरदांड्याच्या फेरीबोटीवर चढलो. पेशंट महादू, मासेमारी करणारा, चाळिशीचा. सोबत त्याचा थोरला भाऊ नामदेव. खाडीच्या मध्यावर महादूचं हृदय थांबलं. बोट काही पळवता येत नाही. रफिकभाई मागे आले, त्यांनी श्वास द्यायची पिशवी धरली आणि मी छाती दाबायला लागले. मशीनने शॉक दिला, उपयोग नाही. पुन्हा दाबायला लागले.

आणि महादूच्या छातीतून आवाज आला — टक्.

दर दाबाला. मला वाटलं, बरगडी मोडली. पण दमून दाब हलका झाला की आवाज बंद, जोर लावला की पुन्हा टक्. मी रफिकभाईंकडे बघितलं.

"मॅडम, हा तर पुतल्याचा आवाज हाय," ते म्हणाले. पुतळा हॉस्पिटलच्या कपाटात कुलपात होता.

तेवढ्यात नामदेवने माझे हात धरले. आमच्याकडे माणूस जाताना तोंडात पाणी घालतात, ते राहिलं तर घरच्यांना जन्मभर बोचतं. तो बाटली घेऊन रडत होता. "ताय, पुरं झाला. माझ्या हातचा पानी तरी जाऊ दे त्याच्या तोंडान."

टकटक थांबली. मला त्याची दया यायला हवी होती, पण आला तो संताप. ते पाणी घशात गेलं असतं तर होता नव्हता तो जीवही गेला असता.

"तो गेलेला नाही, आणि मी जाऊ देणार नाही," म्हणत मी त्याचा हात झिडकारला. टक्... टक्... बोट धक्क्याला लागायच्या आत, दुसऱ्या शॉकनंतर, नाडी लागली.

एक्स-रेमध्ये एकही बरगडी मोडलेली नव्हती. वरिष्ठ म्हणाले, हे कुठे बोलू नका, लोक हसतील. हसू देत. गावातल्या बायकांनी नारळ वाढवायला सांगितला, तोही मी वाढवणार नाही. घाम माझा आणि रफिकभाईंचा गळला होता. तो आवाज कुठून आला याचं उत्तर मात्र माझ्याकडे आजही नाही, एवढं मान्य करते.

महादू घरी आल्यावर त्याला भेटायला गेले. आवाजाबद्दल त्याला कुणीच काही सांगितलं नव्हतं, नामदेवनेही नाही. तोच बोलायला लागला. "ताय, मना काय दिसत नव्हता. निस्ती टकटक आयकू येत व्हती, तिच्यामागून चाललो व्हतो. मधीच थांबली... तवा लय भ्यालो. कोनी थांबवली व्हती?"

शेजारी बसलेल्या नामदेवने भावाचा हात घट्ट धरला आणि म्हणाला, "मी."