डावीकडच्या सीटवरचे रशीदभाई

रशीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेठच्या घाटात होतो. मागे टोमॅटोचे क्रेट, पुढे उतार. फोन वाजून बंद झाला, पुन्हा वाजला... मी उचलला नाही. घाट संपल्यावर ट्रक कडेला घेतला, हँडब्रेक ओढला आणि मग फोन लावला. पलीकडे त्यांचा मुलगा इम्रान होता. "चाचा, किती वेळ लावतोय फोन." मी म्हणालो, "घाटात होतो." घाटात फोन उचलायचा नाही, हा बापाचा नियम त्यालाही ठाऊक होता. मग म्हणाला, "अब्बा गेले. चहा पिऊन आडवे झाले, ते उठलेच नाहीत." मी 'बरं' म्हणालो. खरंच, एवढंच म्हणालो. ट्रक वळवला आणि नेहमीच्याच बेताच्या वेगाने घाट चढून नाशिकला आलो. कब्रस्तानात पोचलो तेव्हा माती देणं चालू होतं. मूठभर माती मीही दिली, पण तोंड पाहायला मिळालं नाही. थोडं दामटलं असतं तर मिळालं असतं. याचा राग कोणावर काढायचा, ते अजून कळलेलं नाही.

मी सायखेड्याचा, ते जुन्या नाशकातले. आमचा ट्रक भागीदारीतला. एक खेप त्यांची, एक माझी. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची खोड आमच्यात पुष्कळांना असते. रशीदभाईंना ती बिलकूल खपत नसे. ज्या गिअरमध्ये चढ चढायचे त्याच गिअरमध्ये ते उतरायचे, मागून कुणी कितीही हॉर्न बडवो. पेठच्या रस्त्यावरचे ड्रायव्हर त्यांना 'बैलगाडी' म्हणत आणि ते हात हलवून त्यांना पुढे जाऊ देत. पेंग आली की कडेला थांबून, तोंडावर रुमाल टाकून सरळ झोपायचे. व्यापारी फोनवर तणतणला तर म्हणायचे, "शेठ, माल तुमचा हाय, जान माझी हाय. दोन्ही आणतो, पण सावकाश."

मग एका दुपारी त्यांनी मला पेठला बोलावून घेतलं. एस.टी.ने गेलो. ट्रक चहाच्या टपरीपाशी उभा होता, धड, कुठे खरचटलेलंही नाही. ते दाराच्या पायरीवर चप्पल काढून बसले होते. किल्ली हातातच होती. बरीच वर्षं शुगर होती, पायांना मुंग्या येतात असं अधूनमधून म्हणायचे.

"भास्कर, समोरून पोरांनी भरलेली जीप आली. ब्रेक मारला, गाडी थांबली पण. पण पाय ब्रेकवर हाय का नाय, मला कळंनाच. खाली वाकून बघावं लागलं."

"चार दिवस आराम करा, होईल ठीक."

"नाय होणार. तू चालव."

ही गोष्ट त्यांनी लपवली असती तर कुणाला कळणार होती? ट्रक अर्धा त्यांचा, लायसन्स चालू. आयुष्यभर दुसरं काही केलेलं नव्हतं. तरी किल्ली माझ्या हातात दिली, वळसा घालून डावीकडे गेले आणि चढून बसले. त्यानंतर स्टीअरिंगला त्यांनी हात लावला नाही. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. आता वाटायला हवं तेवढं काहीच वाटत नाही...

पुढे घरी करमेना, म्हणून ते माझ्याबरोबर यायला लागले. भाभी डबा दोघांचा द्यायच्या. ते डावीकडे बसून रस्त्याकडे बघत. मला शिकवत मात्र नसत. मीच कधी विचारलं, "बरोबर चाललंय ना?" तर म्हणत, "तुझी गाडी हाय, तू बघ." मला वाटायचं, ते आता निवांत झालेत.

परवा ट्रक धुवायला काढला. डावीकडची रबरी मॅट उचलली तर त्यांच्या उजव्या पावलाखाली ती झिजून तिला भोक पडलेलं. ड्रायव्हरच्या पायाखाली मॅट झिजते, ते ठीक. पण इकडे ना ब्रेक, ना क्लच. म्हणजे प्रत्येक वळणावर, प्रत्येक उतारावर माझ्याबरोबर तेही ब्रेक दाबत होते. आणि त्या पायाला तर काहीच कळत नव्हतं, तेव्हा आपण दाबतोय हे त्यांनाही बहुतेक ठाऊक नसावं.

इम्रान म्हणाला, "चाचा, नवीन घेऊ." मी मॅट झटकली, उन्हात वाळवली आणि होती तिथेच अंथरली. उद्या पुन्हा पेठचीच खेप आहे.