दाजींचा ओठ आणि आक्काचे कान

आमच्या भागात खर्ड्याला नाही म्हणणारा फौजी मी एकच पाहिला. ते आमचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. जेवायला बसले की ताटातला खर्डा चिमटीने उचलून शेजारच्याच्या ताटात ठेवायचे. चहा समोर आला की त्यावर साय धरेपर्यंत नुसते बघत बसायचे. नवख्या घरात यजमानीण बावरून जायची, चहात काही पडलंय की काय म्हणून. मग दाजी खुलासा करत, "तसं न्हाई वैनी. आमचा धंदा ओठाचा. ओठ भाजला की मानूस बेकार."

दाजी लष्कराच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. झोपताना ओठांना तूप लावायचं, थंडीत तोंडावर मफलर गुंडाळायचा, दाढी करताना वरच्या ओठाजवळ वस्तरा आला की श्वास रोखायचा. आक्का म्हणायची, "बायकुला एवढं जपलं असतं तर काय पायजे हुतं!" आम्ही सगळे हसायचो. दाजीही हसायचे, पण तोंड फार न उघडता.

वाजवण्याबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं. "परेडच्या मैदानात शेवटच्या लायनीतला जवान असतो नव्हं, त्याच्या छातीवर आवाज आदळला पायजे. तितं पोचला न्हाई तर तो आवाज न्हवंच." सुट्टीवर आले की म्हसवडजवळच्या त्यांच्या गावात ते ओसरीवर उभे राहून वाजवायचे. पलीकडच्या मळ्यातली माणसं औत थांबवून ऐकायची म्हणे. आक्काने मात्र त्या काळात त्यांना क्वचितच ऐकलं. दाजींची बदली कुठे कुठे होत राहिली, आणि आक्का मुलाला घेऊन माहेरी, आमच्याकडे सांगलीजवळ माधवनगरला राहिली. तिथे ती यंत्रमागावर जायची. मागांच्या त्या खडखडाटात शेजारच्या बाईचं बोलणंही कानावर पडत नाही. बायका एकमेकींचे ओठ बघून बोलतात. आक्का त्यात इतकी तरबेज झाली की रस्त्यापलीकडे दोघी जणी काय कुजबुजतायत हे ती सांगायची. आम्हाला तिचं कौतुक वाटायचं. तिचे कान जाऊ लागलेत, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दाजी निवृत्त होऊन आले आणि दोघं गावी राहायला गेली, तेव्हा कुठे त्यांचा खरा संसार सुरू झाला. तोवर आक्काला मोठ्याने हाक मारल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. भाचा अमोल पुण्याला नोकरीला लागला, तेव्हा त्याने पहिलं काम केलं ते आईला सांगलीच्या डॉक्टरांकडे नेऊन कानाचं मशीन बसवण्याचं. मशीन लावून ती घरी आली. स्वयंपाकघरात ताटली पडली तशी ती दचकून भिंतीला टेकली. दाजींना वाटलं, आता बायको आपलं वाजवणं ऐकेल. त्यांनी हौसेने ट्रम्पेट काढला. पहिलाच सूर निघाला आणि आक्काने दोन्ही हात कानांवर दाबले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं की अशा कानांना बारीक, चढा आवाज सुईसारखा टोचतो. जाडसर, खालचा आवाज असेल तर सोसतो. दाजी ते ऐकून घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या पोराकडून मला फोन लावून घेतला. "सदा, आमच्या बँडात एक फ्लुगलहॉर्न हुता. ट्रम्पेटचाच भाऊ, पर पोटानं मोठा अन् सभावानं गरीब. ट्रम्पेट हाक मारतो, त्यो बोलतो. सांगलीत घावंल का रं?"

आम्ही दोघांनी मिळून तो शोधला. सांगलीतल्या एका जुन्या दुकानात दोन फ्लुगलहॉर्न होते. एक नवा, आरशासारखा चकचकीत. दुसरा वापरलेला, पितळेचा रंग उतरलेला, तोंडाच्या कडेला छोटा पोचा. दाजींनी दोन्हींच्या चाव्या दाबून पाहिल्या, आतून फुंकर मारली, आणि मला दुकानाच्या पार टोकाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. "बघू नगं. टोचत कुठला न्हाई, तेवढं सांग." मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. तरी दुसऱ्या वेळी घुमल्यासारखा जो आवाज आला, तो पाठीवरून हात फिरावा तसा वाटला. तो जुना होता. दाजींनी चकचकीत हॉर्नकडे पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. फौजी माणूस, बुटाला पॉलिश नसेल तर घराबाहेर न पडणारा, पण आक्कासाठी त्यांनी पोचा आलेलं वाद्य घेतलं. मला फार बरं वाटलं.

पण गोष्ट तिथेच बिनसली. वाजवून बघताना त्या हॉर्नला दुकानातलाच माउथपीस लावला होता, तो दुकानदार चाचांनी काढून दाजींना दिला. ओठ टेकवून फुंकतात तो पितळी तुकडा. "हवालदारसाहेब, ह्याची वाटी खोल हाय. ह्यानंच आवाज मऊ येतो." दाजींनी तो पुन्हा ओठाला लावून पाहिला, तोंड वाकडं केलं आणि खिशातून रुमालात गुंडाळलेला आपला जुना माउथपीस काढला. ट्रम्पेटचा, उथळ वाटीचा. उभी नोकरी त्यावर गेलेली.

"चाचा, माझा ओठ ह्याच्यावर बसलाय. दुसरा न्हाई चालायचा."

"आवं पर ह्याची दांडी तितं नीट बसत न्हाई, डुलतीया. अन् उथळ वाटीनं ह्यो हॉर्न बी ट्रम्पेटावानीच वरडंल."

"ते माझ्या फुंकण्यावर हाय," दाजी म्हणाले. त्यांनी दांडीला दोऱ्याचे वेढे दिले, माउथपीस घट्ट बसवला आणि चाचांचा माउथपीस परत केला. हॉर्न आक्काच्या कानांसाठी घेतला, माउथपीस मात्र स्वतःच्या ओठासाठी ठेवला.

त्यानंतर दाजी रोज संध्याकाळी अंगणात वाजवायचे आणि आक्का समोर खाटेवर बसून ऐकायची. पोरासोरांत त्या वाद्याचं नाव 'फुगाहॉर्न' पडलं होतं. फोनवर दाजी मला सांगायचे, "आक्का लय खूश हाय तुझी. हासतच बसती."

सिद्धनाथाच्या यात्रेला मी बायकोला घेऊन त्यांच्याकडे गेलो, तेव्हा दाजींनी आमच्यासाठी खास वाजवलं. माझ्या मते आवाज खणखणीत होता, पण दुकानात ऐकला तसा नव्हता. आक्का मान डोलवत होती. एक गत संपवून दाजींनी हॉर्न पुसायला तोंड वळवलं आणि पाठमोरेच म्हणाले, "अगं, पाव्हण्यास्नी च्या टाकतीस का?" आक्का तशीच हसत मान डोलवत राहिली. दाजी वळले. पुन्हा म्हणाले नाहीत. जवळ गेले आणि तिच्या कानाकडे पाहिलं.

"मशीन कुठाय?"

आक्काने त्यांच्या ओठांवरून प्रश्न वाचला. पदराची गाठ सोडून तिने मशीन हातावर ठेवलं. "बॅटरी संपलीया वाटतं."

दाजींनी ते चालू करून मुठीत धरलं. मुठीतून बारीक शिट्टी आली. बॅटरी उत्तम चालू होती.

 दाजींनी हॉर्न पेटीत ठेवला, पेटी माळ्यावर टाकली आणि आमच्यासाठी स्वतःच चहा टाकायला आत गेले. आक्का माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मला टोचतं रं. पर त्यास्नी कसं सांगू? वाजवताना किती बरं दिसत्यात. तेवढं बगत बसायचे मी."

पुढे वर्षभर पेटी माळ्यावरून खाली आली नाही. आक्काने विनवलं, चिडली, एकदा जेवायचीसुद्धा थांबली. दाजींचं एकच, "ऐकनारं मानूस न्हाई, वाजवू कुनाला?" चाचांच्या माउथपीसची मी आठवण करून दिली, तर म्हणाले, "मेव्हण्यानं मेव्हण्यासारखं ऱ्हावं." त्यांना राग आक्काचा नव्हता. आपण इतके दिवस बायकोला टोचत होतो आणि ती हसत होती, हे त्यांना सोसवत नव्हतं. पण त्यावरचा उपाय म्हणजे स्वतःची चूक कबूल करणं, आणि ते त्यांच्याने होत नव्हतं. दोघं एका घरात, दोन भिंतींना पाठ लावून बसल्यासारखी राहिली. इतक्या वर्षांनी मिळालेला सहवास, त्यातलं एक अख्खं वर्ष असं गेलं. त्याची मला आजही हळहळ वाटते.

मग दाजींचा पुढचा दात पडला. हिरडी आधीपासून दुखत होती, पण माउथपीस ज्यावर टेकतो तो दात काढून घ्यायला ते तयार नव्हते. अखेर तो आपणच निखळला. साताऱ्याच्या डॉक्टरांनी कवळी बसवली, आणि कवळीवर जुन्या माउथपीसचा दाब सहन होईना. हे त्यांनी लपूनछपून वाजवून पाहिलं असणार, कारण एके दिवशी ते एकटेच एसटीने सांगलीला आले आणि माझ्या दारात उभे राहिले.

"चल, चाचाकडं जायचंय."

"आता कसं काय सुचलं, दाजी?"

"लोकास्नी दाढ येताना अक्कल येती. मला दात पडल्यावर आली."

खोल वाटीचा तो माउथपीस चाचांकडे अजून होता. दाजींनी मुकाट्याने घेतला. त्या रविवारी मीही त्यांच्याबरोबर गावी गेलो. दाजी अंगणात बसले. उभं राहून वाजवायचं बळ आता राहिलं नव्हतं, आणि कवळीमुळे वरचे सूर गेले होते. खालचेच चार-सहा सूर लागायचे, तेही सावकाश. आक्काने आपणहून मशीन कानात घातलं आणि त्यांना दिसावं म्हणून केस कानामागे सारले. दाजींनी वाजवलं. शेजारच्या घरातही गेला नसेल इतका हळू आवाज होता. मध्येच फुंकर तुटली, तसे ते थांबले.

"का थांबलाय?" आक्का म्हणाली.

"टोचतंय का?"

"न्हाई. घशातल्या घशात कुनी बोलल्यागत वाटतंय. वाजवा की."

दाजींनी मान खाली घातली. बराच वेळ चाव्यांवरून नुसती बोटं फिरवत राहिले, मग पुन्हा हॉर्न ओठाला लावला.

त्यानंतर एक हिवाळा त्यांना मिळाला, तेवढाच. उन्हाळा लागला आणि दाजींच्या छातीत कळ आली. साताऱ्याच्या दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. आक्का औषधं आणायला खाली गेली होती. ते म्हणाले, "सदा, तिचं निम्मं कान मागानं खाल्लं, अन् ऱ्हायल्यालं मी खाल्लं. एकदा तरी इचारायचं हुतं, तुला काय सोसतंय म्हनून. जलमभर ओठ जपत बसलो गड्या." मी त्यांना गप्प राहायला सांगितलं.  दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

तेरावं झाल्यावर पाहुणे पांगले. अमोल आईजवळ बसला आणि म्हणाला, "आई, आप्पांचं वाजवणं माझ्या मोबाईलमध्ये हाय. ऐकतीस?" आक्काने मशीन नीट बसवलं. अमोलने मोबाईल तिच्या कानाशी धरला. ते यात्रेच्या आधीचं होतं, अंगणात उभं राहून, छाती फुगवून वाजवलेलं. नंतरचं कुणीच टिपून ठेवलं नव्हतं. इतकं हळू आणि इतकं थोडं वाजवणं टिपून ठेवावं असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं.

आक्काचा चेहरा दुखल्यासारखा झाला. तरी तिने मोबाईल दूर केला नाही. शेवटपर्यंत ऐकलं. मग अमोलकडे पाहून म्हणाली, "ह्ये न्हवं रं बाळा. दुसरं हाय का बघ."

अमोल मोबाईलवर बोट फिरवत राहिला. आक्का त्याच्या ओठांकडे बघत होती, आणि तो काहीच बोलत नव्हता.