माप घेणारा

वडील मेटगळ्ळीतल्या कारखान्यात युनियनचं काम करायचे. मी वाचायला शिकले ती त्यांच्या पत्रकांवरून, त्यामुळे कुठल्याही गोष्टीत मला आधी शोषक दिसतो. याची मला अजूनही लाज वाटत नाही.

दर रविवारी दुपारी आम्ही चौघी सरस्वतीपुरममध्ये मैत्रिणीकडे गोष्टीचा खेळ खेळायला जमायचो. खाली तिच्या बाबांचं शिंप्याचं दुकान. त्या दिवशी ते बंद, म्हणून कापड बेतायचं मोठं टेबल आमचं. मैत्रीण गोष्ट सांगायची, आम्ही आपापल्या पात्राच्या तोंडून बोलायचो आणि पात्र जगतं की मरतं ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. किल्ल्यांचे नकाशे ती टेबलावरच खडूने काढायची. पात्रांची माहिती आम्ही जुन्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर लिहायचो.

तेव्हाही मी भयकथा लिहीत होते. राक्षस म्हणजे कायम मालकच. एक कथा वाचून ती म्हणाली, "अय्यो, तुझं भूतसुद्धा भाषण करतं गं! घाबरू की टाळ्या वाजवू?"

पुढच्या रविवारी तिने खेळातल्या किल्ल्याच्या दारात एक उंच माणूस उभा केला. गळ्यात टेप. तो अंगावर आला नाही. "हात वर करा," एवढंच म्हणाला आणि माझ्या पात्राचं माप घेऊ लागला.

"कपडे कुणासाठी?" मी विचारलं.

"तुझ्या जागी जी येणार आहे, तिच्यासाठी."

भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. मी फासा उचलला, तेवढ्यात तिच्या बाबांनी वरून जेवायला हाक मारली आणि खेळ तिथेच थांबला. त्याच आठवड्यात तिला दूरच्या शहरात नोकरी लागली आणि ती निघून गेली.

चार वर्षं तो माणूस माझ्या डोक्यातून गेला नाही; त्याच्यावर कथा लिहायलाही घेतली. पण दुसऱ्याच्या मेहनतीवर आपलं नाव लावायचं, याच्याविरुद्धच तर मी भांडत आले. कथा अर्धीच पडून होती. गेल्या महिन्यात शेवटी फोन केला.

"तो माप घेणारा मला देशील?"

"घे की! उगाच कशाला विचारतेस? दोघींचं नाव घाल, म्हणजे तुझी तत्त्वं पण खूश." मग तिने विचारलं, "तुझी ती बाई अजून दारात हात वर करून उभी आहे?"

"उभीच आहे."

"मग तिचे हात खाली आणू नको. ते मी आले की बघू."

कधी येणार, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

कथा दोघींच्या नावाने पूर्ण केली. शेवटच्या ओळीत ती बाई हात वर करून उभी आहे. त्या दिवशी मुठीत राहिलेला फासा माझ्याकडेच आहे. तो मी अजून टाकलेला नाही.