वन्संची कालवड

माझ्या नणंदेसारखा, वन्संसारखा, गोठा कुणाला जमत नाही, असं आमच्या घरात कौतुकानं म्हणतात. ते कौतुकच त्यांना नडलं. विशीत त्यांना चांगलं स्थळ सांगून आलं होतं. माणसं येऊन गेली, मुलगा पसंत पडला, आणि मामंजींनीच नकार कळवला. त्याच्या आधी वन्सं जरा मावशीकडे राहायला गेल्या, तर गाईंनी पान्हा चोरला होता. "ही गेली तर धार कोण काढणार?" तेव्हापासून लग्नाचा विषय निघाला नाही. आता त्यांचे केस पांढरे झालेत.

रोज सकाळी मामंजी घरातल्या सगळ्यांकडून प्रार्थना म्हणवून घेतात. आम्ही तुझी गुरं, तू आमचा धनी. मला तिचा फार आधार वाटतो. एकदा वन्सं शेणाचे हात धुताना म्हणाल्या, "ही प्रार्थना धन्यानंच रचलीय वहिनी. गाईनं रचली असती तर त्यात दावं आलं असतं."

"वन्सं, देवाची तरी चेष्टा नको."

"देवाची कुठे करतेय? रचणाऱ्याची करतेय. गुरं त्याची, म्हणून पोरं त्याची, बायको त्याची. मग देवही आपल्यासारखाच दाढीमिशीवाला करून ठेवला मेल्यानं!"

मी कानांवर हात ठेवले, पण हसू आलंच.

आज मामंजींनी गुरांची वाटणी केली. अर्धी ह्यांना, अर्धी भाऊजींना. वन्सं दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "मला ती तांबडी कालवड द्या. गाय पाजेना तेव्हा मी बाटलीनं वाढवलीय तिला."

"गुरं घराण्यात राहतात," मामंजी म्हणाले. "लेकीचं घराणं वेगळं."

"कुठलं ते? दाखवा तरी. इतकी वर्षं मी कुणाच्या घराण्याचं शेण काढलं?"

कालवड आमच्या वाट्याची. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली असती तरी हे बोलले असते, एवढं मी ह्यांना ओळखते. मी कपबश्या गोळा करून आत गेले.

संध्याकाळी वन्सं गोठ्यात गेल्याच नाहीत. भिंतीकडे तोंड करून खोलीत पडून राहिल्या. हे बादली घेऊन गेले आणि लाथ खाऊन आले.

"दादा, गाईला वाटणी मान्य नाही," भाऊजी म्हणाले. स्वतःच हसले.

गाई हंबरायला लागल्या तशी मामंजींनी मला हाक मारली. "बाईचं बाई ऐकते. जा, समजूत काढ."

जाताना मनाशी ठरवलं होतं की सांगायचं, कालवड तुमचीच, ह्यांना मी बघते. वन्संच्या उशाशी बसले आणि तोंडातून निघालं, "थोरल्या गाईची कास दगडासारखी झालीय हो. कुणाला हात लावू देत नाही."

त्या लगेच उठल्या. केस बांधता बांधता म्हणाल्या, "देवाची शपथ घातली असतीस ना वहिनी, तर उठले नसते. तुला बरोबर ठाऊक होतं मी कशाला उठेन ते."

मी उठून त्यांना वाट दिली.

थोड्या वेळानं बादलीत धारेचा आवाज सुरू झाला. "शहाणी आहे हो सूनबाई," मामंजी मोठ्यानं म्हणाले. खिडकी उघडीच होती. धार थांबली. मग पुन्हा सुरू झाली.